एर्झाट्स म्हणजे बदलीचा माणूस

येडशी स्टेशन,
ता. ९ डिसेंबर १९६२

चि. अंबादास,

आशीर्वाद. तुला ते नको असले तरी वयानं मला लिहावेच लागतात.

तू पलटणीत भरती होऊन बेळगावला गेल्याचं काल कळलं. धाकटी महानंदा तुझं पत्र आईला वाचून दाखवत होती. मी ड्यूटीवरून येऊन दाराशी उभा होतो, तिथूनच ऐकलं. आईची, आजीची, शेळीचीसुद्धा खुशाली विचारलीस. माझं नाव नव्हतं. तक्रार नाही. पंधरा महिने झाले, सवय झाली.

चिनी लोकांनी हल्ला केला म्हणून कॉलेज सोडून गेलास. पहिल्या नवऱ्याला बार्शीच्या भरतीत तुझ्या आईनंच भाकरी बांधून दिली होती, आणि त्याच्या सोबत मी होतो. आता पोरगाही गेला. मी तिला काय सांगणार?

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं जे झालं त्यावर लिहायला बसलोय. तू सोलापुरात शरणप्पाला भेटून आला होतास. शरणप्पा आमच्याच पलटणीतला, जर्मनांच्या कैदेत आमच्याच बराकीत होता. तुझा चेहरा बघून त्यानं तुला ओळखलं आणि सांगितलं की तुझा बाप व्यंकट त्या दिवशी दुसऱ्याच्या बदली कामावर गेला आणि मेला. तू येऊन मला विचारलंस, "कुणाच्या बदली?" मी म्हणालो, ठाऊक नाही. मग तू म्हणालास, "तुमी माजे बाप न्हाय. तुमी एर्झाट्स हायत." आणि पिशवी उचलून गेलास.

तो शब्द तुम्हा पोरांना मीच शिकवला होता. जवारी काळी होईस्तोवर भाजून तिची कॉफी करायचो, तुम्ही तोंडं वाकडी करायचा आणि मी म्हणायचो, ही एर्झाट्स कॉफी, जर्मनांची. तू लहान होतास, लई हसायचास. पुढं कॉलेजच्या डिक्शनरीत तू त्याचा अर्थ बघितलास, नकली, हलक्या दर्जाचा, आणि तोच मला फेकून मारलास.

पण त्या शब्दाचा मूळ अर्थ तसा नाही. आमच्या बराकीवर एक म्हातारा पहारेकरी होता. लढाईच्या आधी गावच्या शाळेत शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो. त्याला थोडी इंग्रजी यायची, मला थोडी. त्यानं मातीत काडीनं लिहून समजावलं होतं. त्यांच्या भाषेत 'झेट्सेन' म्हणजे बसवणं, ठेवणं. त्याच्या आधी 'एर' लावलं की गेलेल्याच्या जागी दुसरा बसवणं. त्यावरून एर्झाट्स. कुणाचं नुकसान केलं तर जी भरपाई द्यायची तिलाही ते हाच शब्द लावतात. आणि फौजेत तो लई जुना. आघाडीवरची माणसं मेली की मागं तयार केलेली माणसं त्यांच्या जागी पाठवतात. त्या मागच्या पलटणीला एर्झाट्स पलटण म्हणायचं. त्यात शिवी नाही. मास्तरचा स्वतःचा पोरगा तसाच कुणाच्या तरी जागी गेला होता. पुढं लढाईत कॉफी मिळेना, जवाची कॉफी आली, रबर मिळेना, भलतंच रबर आलं. सगळ्यालाच ते एर्झाट्स म्हणू लागले. इंग्रजांनी शब्द उचलला तो ह्या जवाच्या कॉफीसकट. म्हणून डिक्शनरीत नकली.

एवढंच सांगायचं होतं. व्यंकट कुणाच्या बदली गेला ते मला आठवत नाही. वीस माणसांची टोळी असायची, रोज कुणी तरी आजारी, कुणी तरी त्याच्या जागी.

बारा वाजता लातूरची गाडी आहे. रुळांचे सांधे बदलायला जायचंय. पाय दुखतात.

बब्रुवान


येडशी,
ता. ३ जानेवारी १९६३

चि. अंबादास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

इथं थंडी पडलीय. रामलिंगाच्या रानातली माकडं उन्हाला स्टेशनात येऊन बसतात. काल एक माकड माझा हिरवा बावटा घेऊन छपरावर गेलं. मास्तर, म्हणजे आपले स्टेशनमास्तर, हसून हसून बेजार. मलाही हसू यायला पाहिजे होतं. पण आजकाल कशाचं काही वाटत नाही. झोपून उठलं तरी अंग काल होतं तिथंच असतं. तुझी आई म्हणते, दवाखान्यात जा. हा दवाखान्याचा थकवा नाही.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. ते टपालात टाकलं आणि गाडी सुटेपर्यंत वाटत होतं, डब्यात चढून परत काढून घ्यावं.

ज्याच्या बदली व्यंकट गेला तो माणूस मी.

मला त्या दिवशी बरं नव्हतं. उलट्या होत होत्या. पहारेकऱ्यानं माझ्या नावावर काट मारली आणि बराकीत डोकावून विचारलं, "एर्झाट्स?" म्हणजे ह्याच्या जागी कोण? व्यंकट पुढं झाला. दुपारी विमानं आली. हे असं झालं. लढाईत असं होतं. माझ्या आजाराला मी काय करणार होतो?

तू विचारलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण तुझी आई चुलीपाशी बसली होती. तिला कळलं असतं.

तुझ्या आईला ह्यातलं ठाऊक नाही. तूही लिहू नकोस. महानंदा सगळं मोठ्यानं वाचते.

बब्रुवान


येडशी,
ता. २८ जानेवारी १९६३

अंबादास,

तुझं कार्ड आलं. वर मायना नाही, खाली सही नाही. "त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहा. गाळू नका." बारा दिवस खिशात घालून फिरलो. आज लिहितोय. केबिनमध्ये एकटाच आहे, चारपर्यंत गाडी नाही.

मी आजारी नव्हतो.

आम्ही वाळवंटातल्या लढाईत तोब्रुकला जून बेचाळीसमध्ये पकडले गेलो, मी आणि तुझा बाप एकाच दिवशी. आधी इटलीत ठेवलं, मग जर्मनीत नेलं. तीन वर्षं एकाच फळीवर झोपलो, एका डब्यात खाल्लं. तो रोज तुझं वय मोजायचा. आज दात आले असतील, आज पळत असेल. मला मागं कुणी नव्हतं. काटी गावाला चुलता होता, त्यानं मी मेलो असं समजून माझा दिवस घातला होता. म्हणून तुझा हिशेब आम्ही दोघं मिळून ठेवायचो.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत आम्हाला रूळ दुरुस्त करायला नेत होते. वीस माणसं, रोज. आदल्या दिवशी मी त्या टोळीत होतो. विमानं येऊन गेली होती आणि आम्हाला पडलेली माणसं उचलायला लावली होती. मी एक हात उचलला, नुसता हात. अंबादास, तू आता शिपाई आहेस, तुला कधी तरी कळेल. माझ्या आतलं काही तरी त्या दिवशी विझलं. परत तिथं जायचं नाही एवढंच डोक्यात राहिलं.

पहाटे मी साबणाचा तुकडा खाल्ला. कैद्यांना येणाऱ्या पार्सलमधून आलेला होता. त्यानं उलट्या झाल्या, डोळे लाल झाले. पहारेकरी मास्तरनं बघितलं आणि नाव काटलं. मग विचारलं, "एर्झाट्स?" कुणी हललं नाही. व्यंकटचा त्या दिवशी नंबर नव्हता. तो उठला. त्याला खरंच वाटलं होतं की मी आजारी आहे. त्यानं स्वतःचं घोंगडं माझ्यावर घातलं. म्हणाला, "तुजं बूट दे. माज्यात बरफ शिरतुया."

मी बूट दिले. तो घालून गेला. दुसरं काही बोलला नाही.

मी दोन घोंगड्यांत पडून राहिलो. ऊब लागली तशी मला झोप लागली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला चांगली झोप लागली, अंबादास. विमानांच्या आवाजानं जाग आली.

अकरा माणसं गेली. संध्याकाळी हातगाड्यावर आणली, वरून ताडपत्री. बाहेर पाय होते. मी माझे बूट ओळखले.

तिथल्या गावाच्या कबरस्तानाच्या कडेला पुरलं. जाळायला लाकूड देईनात. मास्तरनं टोपी काढली. मी साबणाचं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, पण त्यानं विचारलं नाही.

आता राहिलेलं. तू "गाळू नका" म्हणालास म्हणून.

शेहेचाळीसला सुटून आलो तो आधी ईटला गेलो, तुमच्या घरी. तुझी आजी धुरपदाबाई ओट्यावर होती, तुझी आई दारात. तू शेळीच्या पोटाखाली बसून दूध पीत होतास. सरकारी कागद आधीच आला होता, व्यंकट गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. म्हातारीनं एकच विचारलं, "शेवटाला काय म्हनला?"

मी "बूट दे म्हणाला" असं कसं सांगू? बूट का मागितले, कुणाच्या जागी निघाला होता, सगळं बाहेर पडलं असतं. मी म्हणालो, "पोराला बघ म्हनला. घराकडं ध्यान ठेव म्हनला." ते माझ्या तोंडून आपोआप आलं. म्हातारी रडली आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या एका वाक्यावर मी तुमच्यात राहिलो. रझाकारांच्या दिवसात तुला खांद्यावर घेऊन बार्शीच्या हद्दीत गेलो, तुझ्या आजीला बैलावर बसवून. तू माझे केस धरून ठेवले होतेस. पोलीस अ‍ॅक्शननंतर परत आलो तेव्हा म्हातारीनंच विषय काढला. तुझ्या आईला म्हणाली, "त्यानंच ह्याच्यावर सोपीवलंय, आता लोकाला काय भ्यायचं?" आणि आमचा पाट लागला. तुझी आई त्या वेळी हो म्हणाली का गप्प बसली, मला आता आठवत नाही. म्हणजे, आठवतं. गप्प बसली.

व्यंकटनं मला काही सोपवलं नव्हतं. त्याला तर संध्याकाळी परत यायचं होतं.

तू मला जो शब्द बोललास तो डिक्शनरीतल्या अर्थानंही खरा, हे मला सोळा महिने कळत होतं. मूळ अर्थ सांगून मी तुला गुंगवत होतो.

ह्यापुढं तू काय करायचं ते कर.

बब्रुवान


ईट,
ता. १७ मार्च १९६३

चि. अंबादास,

हे ईटहून लिहितोय, देवळाच्या पायरीवर बसून. शाळेतल्या गुरुजींकडून दौत घेतली.

तुझ्या आईला मी सांगितलं. तू कळवण्याच्या आत मी सांगावं असं वाटलं. पण तू कळवलं नव्हतंस, हे नंतर महानंदाकडून समजलं. त्याबद्दल तुझे आभार मानू का, ते कळत नाही.

ती भाकरी थापत होती. मी सगळं बोललो, साबणापासून. ती थापत राहिली. सगळ्या भाकरी झाल्या, चूल विझवली, मग म्हणाली, "मजी त्यांनी मला तुमच्याकडं दिलंच न्हवतं."

"न्हाय."

"मग मला कुणी दिलं?"

अंबादास, पंधरा वर्षं एका घरात राहिलो आणि तिनं असा प्रश्न कधी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी लुगड्याचं गाठोडं बांधून ती महानंदाला घेऊन ईटला निघाली. मी तिकीट काढून दिलं. गाडी सुटताना तिनं पोरीला खिडकीपासून आत ओढलं. हिरवा बावटा मलाच दाखवायचा होता. दाखवला.

सहा आठवडे मी एकटा हातानं करून खात होतो. मग रजा काढली. बार्शीवरून मोटारीनं भूम, पुढं पायी. तुझ्या आजीला आता एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही. ओट्यावर जवारी पाखडत बसली होती. आवाजावरून ओळखलं. तुझी आई आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

म्हातारी म्हणाली, "बस." मग किती तरी वेळ सूप चालू होतं.

"सुनंनं, आयोध्यानं, सांगितलं मला. आता तुज्या तोंडानं सांग. व्यंकट खरंच आमाला काय म्हनला न्हाय?"

"न्हाय."

"नुसतं बूट मागितलं?"

"व्हय. माज्यात बरफ शिरतुया म्हनला."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "त्याला पायाला गार सोसायचं न्हाय. ल्हान हुता तवा पाय माज्या पोटाला लावून निजायचा." आणि ती रडायला लागली. मी तिला शेहेचाळीसमध्ये रडताना बघितलं होतं. हे तसलं नव्हतं. हे पोटातून होतं. बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "सतरा वर्सं तुजं बोलणं म्या उराशी धरलं. पोराला बघ, घराला बघ. ते कुनीबी म्हनल. त्यात माजा पोरगा न्हवता रं. ह्यात हाय."

मी पायावर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय आखडून घेतले.

"त्ये नगं. तू साबण खाल्लास त्ये मला इसरता यायचं न्हाय. मागू नगंस." मग आत तोंड करून ओरडली, "आयोध्ये, ताट कर. मानूस पायी आलाय."

ताट आलं. महानंदानं आणलं. भाकर, पिठलं, कांदा. मी जेवलो.

उद्या परत निघतो. रजा संपली. तुझी आई येणार का, ते विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठं राहिलाय?

तुला कुठं पाठवणार आहेत ते आजीला कळव. ती रोज विचारते.

बब्रुवान


येडशी,
ता. ५ मे १९६३

चि. अंबादास,

तुझं शपथ घेतल्या दिवसाचं पत्र आणि फोटो पोचले. ह्या वेळी पत्ता माझ्या नावानं होता. आत एकच ओळ माझ्यासाठी, "मला सरहद्दीवर पाठवत आहेत, त्याआधी दहा दिवस रजा आहे, कुठं यायचं ते अजून ठरवलं नाही." मी ती ओळ फार वेळा वाचली नाही. चार-पाच वेळा वाचली.

आता इथलं. काल सकाळच्या बार्शीच्या गाडीनं तुझी आई आली. मी प्लॅटफॉर्मवरच होतो. आधी महानंदा उतरली, मग एक पोतं, मग ती. मी पोतं उचलायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, गडी हाय." गडी बिडी कुणी नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून नेलं.

घरात आल्यावर तिनं सगळं घर झाडून काढलं. मी केलेला स्वयंपाक बघितला आणि शेळीला घातला. दुपारी समोर येऊन बसली. तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो, कारण ती आत्ताही शेजारीच आहे आणि प्रत्येक ओळ मला मोठ्यानं वाचायला लावतेय.

म्हणाली, "म्या परत आल्ये ती गेलेल्यांच्या सांगण्यावरनं न्हाय, सासूच्या सांगण्यावरनं न्हाय, तुमच्याबी न्हाय. ईटला तीन महिने बसून इचार केला. ह्या डाव मला कुणी दिलं न्हाय. माजी म्या आल्ये. उद्या जावंसं वाटलं तर जाईन."

मी म्हणालो, बरं.

"आन तुमी मला जे सांगितलं, तेच अंबादासला लिवलंय?"

मी म्हणालो, तेच लिहिलंय.

"कशावरनं? तुमी सतरा वर्सं एक सांगितलं आन निघालं भलतंच. मला वाचता येत न्हाय. म्हनून काय बी खपवायचं व्हय?"

महानंदा वाचून दाखवील म्हणालो, तर म्हणाली, ती लेक तुमची. तुमच्या बाजूनं वाचल.

तेव्हा तिनं मला हे लिहायला सांगितलंय, आणि कुठंही फिरवाफिरवी न करता. तुझ्याकडं माझी जी पत्रं आहेत, डिसेंबरपासूनची, ती फाडली नसशील तर फाडू नकोस. रजेवर येताना सगळी घेऊन ये. ती तुझ्या तोंडून ऐकणार आहे, पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता, आणि मी त्या वेळी समोर बसायचं आहे.

मी तिला म्हणालो, पहिल्या दोन पत्रांत खोटं आहे.

"ते बी ऐकायचंय," म्हणाली.

येडशीला सकाळची गाडी साडेआठला येते. मी केबिनपाशी असेन. तुझी आई आताच उठून आत गेली, पण जाताना म्हणाली की त्याला लिवा, भाकरी करून ठेवते, उशीर करू नगंस.

बब्रुवान